वल्ह्याचं देणं

येलदरीच्या धरणात पाणी अडलं तेव्हा मी शाळेत जायच्या वयाचाही नव्हतो. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा आमच्या जिंतूर तालुक्यात येते. तिथं १९५८ मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि १९६८ मध्ये पुरं झालं. पायथ्याशी वीजघर उभं राहिलं, साडेसात मेगावॉटचे तीन संच. तिथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडवून कालव्यांनी वसमतकडच्या काळ्या रानात नेलं. धरण म्हटलं की खालच्या अंगाच्या माणसांना हे कालवे आठवतात, ऊस आठवतो. आम्ही वरच्या अंगाचे. आम्हाला आठवतं ते चढत आलेलं पाणी.

धरणाचं पाणी नुसतं नदीच्या पात्रात थांबत नाही. ते प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक घळीत शिरतं. टेकड्यांचे माथे तेवढे वर राहतात आणि मधल्या खोलगटीत पाण्याचे लांबच लांब फाटे तयार होतात. आमच्या गावच्या ओढ्याचा असाच फाटा झाला. धरणाच्या वसाहतीकडे जाणारी गाडीवाट त्या ओढ्यातून होती, ती बुडाली. पूर्वी घटकाभरात पायी पोचायचं तिथं आता फाट्याच्या शेंड्यापर्यंत जाऊन वळसा घालावा लागे आणि निम्मा दिवस त्यातच जाई. माझी आठवी ते दहावीची शाळा पलीकडे होती. मी शिकलो, कृषी खात्यात नोकरीला लागलो, उतारवयात थेट नॉर्वेपर्यंत जाऊन आलो, त्या सगळ्याच्या मुळाशी रोज आम्हाला त्या फाट्यापार नेणारा एक माणूस आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत आणि त्यांच्या लेकानं मला सांगितलंय, "दादा, नाव नको घालू. लोक उगं काहीबाही विचारतेत." आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो. इथंही काकाच म्हणतो.

काका भोई समाजाचे. त्यांच्या आज्यानं मेणे वाहिले होते आणि बापानं पूर्णेच्या डोहात जाळी टाकली होती. डोहाचं धरण झालं तेव्हा काकांना नवं पाणी शिकावं लागलं. नदीत खोली कुठं, खडक कुठं हे पिढ्यांनी सांगितलेलं असतं. धरणाच्या पाण्याबद्दल सांगणारं कुणी नव्हतं. त्यात बुडालेली बाभूळ जाळं फाडायची, बुडालेल्या विहिरीच्या कठड्याला होडी घासायची. काकांनी लांब बांबूनं सगळा फाटा चाचपून पाहिला होता. होडी लाकडी, तिच्या फळ्यांच्या सांध्यांत सुतळी ठोकून वरून डांबर फासलेलं, आणि आत पाणी उपसायला डालड्याचा डबा. डबा नेहमी सगळ्यात लहान पोराच्या हातात. ते काम मिळालं की आपण होडीचे मालक झालो असं वाटायचं.

होडीत बसायचे त्यांचे कायदे होते. चढताना मधोमध पाय ठेवायचा, काठावर नाही. दप्तर मांडीवर नाही, पायाशी. जड पोरगा मागं, हलकी पोरं पुढं. आणि उभं राहायचं नाही, काहीही झालं तरी नाही. "होडीत उभा ऱ्हायलेला माणूस सोताही बुडतो अन् दुसऱ्यालाही बुडवतो," म्हणायचे.

एकदा मृगाचं वारं अवचित उठलं. शाळा नुकतीच सुरू झाली होती, आभाळ सकाळी स्वच्छ होतं. आम्ही फाट्याच्या मध्यावर असताना पश्चिमेकडून पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसला. काकांनी आम्हाला काही न सांगता आधी होडीचं तोंड वळवलं, घराकडं नाही, थेट वाऱ्याकडं. मला ते उलटंच वाटलं. लाट आली ती नाकावर आली, होडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आडवी असती तर त्या पहिल्या लाटेतच भरली असती. एक पोरगी रडायला लागली तेव्हा काका वल्हं न थांबवता म्हणाले, "पाण्याकडं बघू नाही. माझ्याकडं बघा." आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो. त्यांच्या मनगटाची शीर फुगलेली, ओठात विझलेली विडी, आणि वल्हं पाण्यात जाताना एकाच तिरक्या कोनात जाणारं. वारा पडेपर्यंत ते होडी पुढं नेत नव्हतेच, नुसती जागेवर धरून होते. एवढा जोर लावून जागेवरच राहायचं असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रात्री आमच्या ओसरीवरून वीजघराचे दिवे दिसायचे. आमच्या घरात तेव्हा कंदील होता. त्याच कंदिलाखाली मी दहावीचा अभ्यास केला. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, पण ज्यांच्या रानावर पाणी चढलं त्यांच्या घरात त्या पाण्याची वीज फार उशिरा आली, हे कुठंतरी लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

माझी मुलगी बर्गनला असते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहर म्हणजे पावसाचं माहेर. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्या परभणीत हजाराच्या आतच, तोही आला तर. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही नवराबायको तिच्याकडे गेलो. तिनं दिवसभराची सहल ठरवली होती. बर्गनहून आगगाडीनं व्हॉस, तिथून बसनं गुडवांगेन, गुडवांगेनहून बोटीनं फ्लोम आणि फ्लोमहून पुन्हा डोंगरातली आगगाडी. त्यातला बोटीचा टप्पा जेमतेम दोन तासांचा. पण त्या दोन तासांत मी जे पाहिलं ते पाहायला माझे डोळे चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधीच तयार झालेले होते.

फियॉर्ड म्हणजे समुद्राचं जमिनीत शिरलेलं शिंग. हिमयुगात तिथं जाड बर्फाच्या नद्या होत्या. त्यांनी सरकता सरकता दऱ्या खरवडल्या, समुद्राच्या पातळीच्याही खाली नेल्या. बर्फ वितळून मागं हटला आणि त्या दऱ्यांत समुद्र भरला. या भागातला मोठा फियॉर्ड सोग्ने, किनाऱ्यापासून आत दोनशे किलोमीटरच्या वर गेलेला आणि सगळ्यात खोल जागी १३०० मीटरहून अधिक खोल. त्याचा फाटा ऑरलँड आणि ऑरलँडचा फाटा नेरॉय. या नेरॉयमधून आमची बोट जायची होती. लांबी सतरा किलोमीटर, सगळ्यात अरुंद जागी रुंदी फक्त अडीचशे मीटर आणि दोन्ही अंगांना हजार मीटरच्या वर चढलेले कडे. गैरांगर फियॉर्डसोबत यालाही २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

नकाशा पाहिला तेव्हाच मला ते ओळखीचं वाटलं. मोठ्या पाण्यातून धाकटं पाणी, धाकट्यातून त्याहून धाकटं, मधून टेकड्यांच्या रांगा. मुलीला म्हटलं, हे तर आपल्या येलदरीचे फाटे. ती हसली, पण मी खरंच तसं म्हणत होतो. दोन्हीकडे दरी आधीची आणि पाणी नंतरचं. तिथं दरी बर्फानं कोरली आणि पाणी समुद्राचं. आपल्याकडे दरी पूर्णेची आणि पाणी सरकारनं अडवलेलं. फरक खडकात. आमच्याकडे सगळा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. नेरॉयच्या काठचे काही डोंगर चक्क फिकट, पांढुरके. वितळत्या बर्फाच्या पाण्याचे धबधबे त्या फिकट खडकावरून उतरत होते. जून हा तिकडचा भरवशाचा महिना, वर साठलेला बर्फ उन्हानं सुटतो आणि प्रत्येक घळीतून पाणी पडतं. आपल्याकडे त्याच महिन्यात माणसं आभाळाकडे बघत बियाणं घरात आणून ठेवतात.

बोट विजेवर चालणारी होती. या मार्गावर पूर्णपणे विजेवरची पहिली बोट २०१८ मध्ये आली. गुडवांगेन एवढंसं गाव, त्याच्या तारांना एवढी मोठी बोट झटक्यात चार्ज करण्याएवढा भार पेलत नाही. म्हणून तिथं तरंगता धक्का केलाय, त्याच्या पोटात बॅटऱ्या आहेत. त्या दिवसभर हळूहळू भरत राहतात आणि बोट आली की भराभर तिला देतात. नॉर्वेची बहुतेक वीज पाण्यापासूनच होते. म्हणजे कड्यावरून पडणारं पाणी खालच्या बोटीला ढकलत असतं, असं म्हणायला हरकत नाही. इंजिनाचा धडधडाट नसल्यामुळे पाणी कापल्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. वल्ह्याच्या होडीतच तो ऐकू येतो.

प्रवासी सगळे वरच्या मोकळ्या सज्ज्यावर उभे होते. फोटो काढत होते, एका कठड्याकडून दुसऱ्या कठड्याकडे धावत होते. मी बाकावर बसलो. बायको म्हणाली, "अहो, उठा की, तिकडून धबधबा चांगला दिसतोय." उठायला काही हरकत नव्हती, चारशे माणसांची बोट माझ्या उठण्यानं हलणार नव्हती. पण पाय उठेनात. काकांचा कायदा गुडघ्यांत बसलेला होता. शेवटी मी बसूनच सगळं पाहिलं, आणि मला वाटतं उभ्यानं पाहिलं असतं त्यापेक्षा अधिक पाहिलं. पाण्याचा रंग बदलत होता. बाहेरच्या बाजूला गर्द, ओढे येऊन मिळत होते तिथं हिरवट दुधाळ. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि समुद्राचं खारं पाणी खाली राहतं. कुठं वरच्या पाण्यावर बारीक शहारा होता, कुठं काचेसारखं सपाट. शहारा जिथून येत होता तिथं डोंगरात खिंड असणार, असं मी मुलीला म्हणालो आणि वळण घेतल्यावर खरंच खिंड निघाली. तिला नवल वाटलं. नवल करावं ते काकांचं. खिंडीतून येणारा वारा पाण्यावर आधी दिसतो, अंगाला नंतर लागतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मग डाव्या हाताला स्टिवी आलं. चार-दोन घरं, मागं गवताचा तुकडा, त्याच्यामागं थेट कडा. बोटीवर माहिती सांगत होते. १६४७ मध्ये नॉर्वेत टपाल सुरू झालं तेव्हा राजधानीकडून बर्गनला जाणारं टपाल या फियॉर्डमधून जायचं. ते न्यायचं काम काठच्या शेतकऱ्यांवर होतं. आपापल्या टप्प्यात टपालाची पिशवी होडीत घालून वल्हवत न्यायची आणि पुढच्या शेतकऱ्याच्या हवाली करायची. हिवाळ्यात पाणी गोठून होडी चालेनाशी झाली की काठाकाठानं पायवाटेनं, दरडी आणि बर्फाचे लोट चुकवत. स्टिवीपासून ती जुनी टपालवाट आजही आहे, लोक हौसेनं चालतात. या कामाच्या बदल्यात त्या शेतकऱ्यांना सैन्यात जाण्यापासून सूट मिळायची.

हे ऐकलं आणि माझा गळा भरून आला. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काकांची आठवण आली. तिला काका माहीत आहेत, लग्नानंतर पहिल्यांदा गावी नेलं तेव्हा त्यांच्या पायावर मी तिला घातलं होतं.

काकांना आम्हाला पार नेल्याचे पैसे कुणी देत नव्हतं. रीत अशी होती की सुगीला खळ्यावर ज्या घरचं पोर होडीनं शाळेला जातं त्या घरानं काकांना पायली-दोन पायली ज्वारी घालायची. १९७२ च्या दुष्काळानं आमचं घर जे खचलं ते लवकर उठलं नाही. बैल गेले होते. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते तेव्हाच त्यांची छाती बिघडली. मी शाळेसाठी होडीत बसायला लागलो तेव्हा आमच्या खळ्यावर काकांना घालायला ज्वारी नव्हती. एका वर्षी नव्हती, दुसऱ्याही वर्षी नव्हती. आई मला सांगायची, काका काही बोलले तर मान खाली घालून ऐकून घे. काका कधी काही बोललेच नाहीत. उलट एखादे दिवशी परतताना दोन मरळ बाभळीच्या काडीत ओवून हातात द्यायचे, "मायला दे. कालवण पातळ कर म्हणावं, समद्यांना पुरंल." त्यांच्या घरातही खाणारी तोंडं काही कमी नव्हती.

बारावीनंतर मला परभणीच्या कृषी विद्यापीठात जागा मिळाली. मराठवाड्याचं हे विद्यापीठ १९७२ मध्येच सुरू झालेलं, आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरांना तिथं शिकणं म्हणजे आभाळाला हात लागणं. फी, वसतिगृह, खानावळ यांचा हिशेब वडिलांनी दोनदा केला आणि कागद घडी घालून ठेवून दिला. ते काकांच्या कानावर कसं गेलं मला ठाऊक नाही. संध्याकाळी आले, ओसरीच्या खाली उभे राहिले आणि टॉवेलात बांधलेल्या नोटा वडिलांसमोर ठेवल्या. नव्या जाळ्यासाठी साठवलेले पैसे. नायलॉनचं सूत तेव्हा महाग होतं आणि त्या पावसाळ्यात त्यांनी जुनंच जाळं गाठी मारमारून वापरलं. वडील म्हणाले, "हे कवा फेडावं मी?" काका म्हणाले, "तुमी कामून? त्यो फेडंल."

पहिला पगार झाला तेव्हा मी पैसे घेऊन गेलो. मूळ रक्कम आणि वर तेवढीच आणखी, शिवाय नव्या जाळ्याचं सूत. काकांनी नोटा मोजल्या. दिले होते तेवढे काढून घेतले, बाकीचे माझ्या खिशात परत घातले. सूत घेतलं. म्हणाले, "पैशाचं मिटलं. सूत भाच्यानं आनलं म्हणून घेतो." ज्वारीचा विषय मी काढला, त्या न घातलेल्या पायल्यांचा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते खळ्याचं देनं व्हतं. खळं तुझ्या बापाचं. आता बाप बी ऱ्हायला नाही. ते मी कुनाकडून घेऊ?"

ते देणं माझ्यावर आहे. नोकरीत असताना मी शेकडो शेतकऱ्यांच्या बांधावर गेलो, परभणी क्रांती भेंडीचं बी गावोगाव पोचवलं, ठिबकचे अर्ज भरून दिले. लोकांनी मान दिला, साहेब म्हटलं. त्या प्रत्येक मानात त्या बिनज्वारीच्या वर्षांचा वाटा होता. समाजात मोठी झालेली माणसं आपल्या शिक्षकांची आठवण काढतात, ते योग्यच आहे. पण शाळेपर्यंत नेणारं कुणीतरी असतं, भाकरी बांधून देणारं, पाणी पार करून देणारं. त्यांचा उल्लेख सत्काराच्या भाषणात येत नाही. नॉर्वेच्या त्या टपाल नेणाऱ्या शेतकऱ्यांचं निदान कुणीतरी बोटीवरून रोज नाव घेतं. येलदरीच्या फाट्यावर आता रस्ता झालाय, पूल झालाय, होडीनं शाळेला जाणारं पोर उरलं नाही. ते चांगलंच झालं. पण तिथं कोण वल्हवत होतं ते सांगणाराही कुणी उरणार नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या जिल्ह्यात पाण्यावरून फिरायची हौस तशी नवीनच. पालम तालुक्यात गोदावरीत जांभूळबेट आहे, जांभळाच्या झाडांचं आणि मोरांचं बेट, तिथं नावेनं लोक जातात. येलदरीलाही सुट्टीत गर्दी होते. जाणाऱ्यांनी अवश्य जावं, आणि नाव चालवणाऱ्याशी दोन शब्द बोलावं. त्याला पाण्यातलं जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

फ्लोमला उतरलो. पुढची गाडी वीस किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटरच्या वर चढते, तिला वेळ होता. तिकडे दुपार, आपल्याकडे साडेतीन तास पुढं. मी काकांच्या लेकाला फोन लावला. तो आता गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं पाहतो. मोबाईल फिरवून त्याला कडे दाखवले, पाणी दाखवलं, बोट दाखवली. त्यानं कड्यांकडे पाहिलंच नाही. "दादा, पानी गोडं का खारं?" मी सांगितलं, वर गोडसर, खाली खारं. "मग मासा दोन परकारचा घावत असंल." मी म्हटलं, समुद्रातला मासा अंडी घालायला नदीत चढतो असा सामन मासा इथं आहे, आणि फियॉर्डात पिंजरे टाकून त्याची शेतीही करतात. पिंजरा केवढा, खाद्य काय देतात, रोग पडतो का, जाळी कशाची, त्यानं एकेक विचारायला सुरुवात केली. मला येत होतं तेवढं सांगितलं, उरलेलं मुलीनं फोनवर शोधून सांगितलं. पिंजऱ्यातल्या माशाला उवा लागतात म्हटल्यावर तो म्हणाला, "आपल्या रोहू-कटल्याला बी लागतेत. त्यायला इचार काय औषध करतेत."

पाऊस कसा आहे विचारलं तर म्हणाला, अजून नाही, वारंच सुटलंय. पाणी चढलं की मत्स्यबीज सोडायचंय. त्याआधी संस्थेचा वर्षाचा हिशेब पुरा करायचाय, ऑडिटरची तारीख आलीय. तो हिशेब दरवर्षी मीच बसून लिहितो.

"कवा येतूस?"

"पुढच्या महिन्यात येतो. वह्या आणि पावत्या काढून ठेव. मागच्या वेळी बर्फाच्या पावत्या राहिल्या होत्या, त्या आधी शोध."